मान वर करायची नाही

माझी इंदू मठ्ठ असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. मठ्ठ पोरीला कोण कशाला तालीम देत बसतंय? चार बुकं शिकली असती, वेळेवर लग्न झालं असतं, आणि मीही इतर बायकांसारखी कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत नळावर उभी असते. पण पोर हुशार निघाली. नुसती हुशार नव्हे, कधी कधी भीती वाटावी अशी.

आम्ही तेव्हा संत तुकाराम नगरात पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. जिन्यात पाऊल वाजलं की इंदू आत बसून सांगायची, "सोजरमावशी आल्या. डावी चप्पल तुटलीया." दार उघडून बघावं तर शेजारच्या सोजरबाई खरंच डावा पाय फरफटत येत असायच्या. माझी बहीण कासारवाडीला स्टेशनाजवळ राहायची. तिच्याकडं एकदा मालगाडी धडधडत गेली, आम्ही कानावर हात ठेवले, आणि ही आठ वर्षांची पोर म्हणते, "बावन्न डबे व्हते. एकतिसाव्याचं दार उघडं व्हतं." माझ्या मेव्हण्यांनी हसून तिच्या पाठीत थाप मारली. मला मात्र हसू आलं नाही.

आणि हीच पोर, कोथिंबीर आणायला पाठवली तर तासाभरानं रिकाम्या हातानं परत. "कोथिंबीर कुठाय गं?" तर म्हणे, "कसली कोथिंबीर?" वही उघडावी तर पहिली सहा गणितं मोत्यासारखी, सातव्याचं निम्मं, आणि पुढं कोरं पान. तिसरीच्या परीक्षेत खिडकीच्या चौकटीवर कुंभारमाशी मातीचं घर बांधत होती. तेवढ्यात पेपरची वेळ संपली. घरी येऊन मला सांगते, "आई, तिनं अठ्ठावीस फेऱ्या केल्या. दर फेरीला तेवढीच माती." मी म्हटलं, "माशीला पहिला नंबर देतील हो मास्तर." माझी जीभ तिखट, हे मी कबूल करते. देवानं डोकं दिलं आणि बूड द्यायला विसरला, असं मी तिला चारचौघांत म्हणायची. ती ऐकून घ्यायची, कारण तेव्हा ती सगळंच ऐकायची.

तिच्या वडिलांना ती आण्णा म्हणायची. मीही इथं आण्णाच म्हणते; नवऱ्याचं नाव तोंडात घ्यायची आमच्याकडं रीत नव्हती. बाकी लोक त्यांना जयसिंगराव म्हणत. पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये नवीन भरती झालेल्या पोरांना मशीनवर उभं राहायला शिकवायचं काम त्यांच्याकडं होतं. प्रेस ज्यानं पाहिला नाही त्याला सांगते. पत्र्याचा तुकडा हातानं खाली सरकवायचा, हात बाहेर काढायचा, आणि मग पायानं पेडल दाबायचं. वरून लोखंड खाडकन खाली येतं आणि पत्र्याची वाटी होते. हात काढायचा राहिला तर हाताची होते.

आण्णांचा चुलतभाऊ भैरू, त्यांच्याच गावचा, चऱ्होलीचा. साहेबाच्या हातापाया पडून आण्णांनीच त्याला कंपनीत चिकटवला होता. आठव्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीला आण्णांनी लांबून हाक मारली, "भैरू, चल की! डबा खायचा न्हाई व्हय?" भैरूनं मान वर केली. पाय पेडलवर होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

त्यानंतर आण्णांनी कुणाला म्हणून लांबून हाक मारली नाही. घरीसुद्धा मला बोलवायचं तर जवळ येऊन खांद्याला बोट लावत. आणि कंपनीत त्यांनी आपली एक तालीम काढली. नवीन पोरांना पंधरा दिवस बंद प्रेसवर उभं करायचं. समोर पत्र्याचे शंभर तुकडे. मागं आण्णा उभे. मध्येच पिंपावर सळई हाणायची, मध्येच पोराचं नाव घेऊन ओरडायचं, "साहेब आला", "तुझी आई आलीया गेटवर". ज्यानं मान वर केली त्याचे शंभर पुन्हा पहिल्यापासून. पोरं मनातल्या मनात शिव्या द्यायची, पण आठ वर्षांत आण्णांच्या हाताखालच्या एकाही पोराचं बोट गेलं नाही. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो रास्त होता. म्हणूनच मी पुढं त्यांना अडवलं नाही. जो माणूस बाहेर शंभर पोरांची बोटं वाचवतो, तो घरात चुकेल कसा?

एकोणऐंशी सालची दिवाळी झाली आणि चौथीच्या दुर्गाबाईंनी आम्हां दोघांना शाळेत बोलावलं. फेब्रुवारीत स्कॉलरशिपची परीक्षा होती. दुर्गाबाई म्हणाल्या, "अशी मुलगी माझ्या हाताखालून बावीस वर्षांत गेली नाही. पण परीक्षेला बसवायची मला भीती वाटते. सगळं येतं, आणि निम्मा पेपर कोरा ठेवते."

"मी मारून बघितलं," मी म्हटलं.

"मारू नका. ती मुद्दाम करत नाही. तिचं लक्ष उडतं असं आपण म्हणतो, पण ते उडत नाही हो, ते सगळीकडं असतं. तिला थोडं थोडं काम द्या. पंधरा मिनिटं झाली की उठू द्या, फिरू द्या, काय पाहिलं ते सांगू द्या. मग पुन्हा बसवा. हळूहळू जमेल."

आण्णा बाहेर आले आणि फाटकाशी थांबून म्हणाले, "पंधरा मिन्टानं उठायचं! उद्या हिला कोण पंधरा मिन्टानं उठू देणार हाय? बाई चांगल्या हायेत, पण त्यांनी प्रेस बघितला न्हाई." घर आल्यावर म्हणाले, "शालन, नजर हलली की माणूस जातंय. पोरगी आपली वाया जाईल." त्यांचा आवाज कापत होता. भीती त्यांना खरी होती, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तालीम सुरू झाली. बाहेरच्या खोलीत इंदूचं पाटावर बसणं, तोंड भिंतीकडं, पाठ स्वयंपाकघराकडं. फळीवर गजराचं घड्याळ. पाऊण तासाचा पेपर, गजर होईपर्यंत मान वर करायची नाही, मागं बघायचं नाही, उठायचं नाही. बघितलं की पेपर पुन्हा पहिल्यापासून, आणि गजर पुन्हा पाऊण तासावर.

पहिल्या दिवशी आण्णांनी ताटली आपटली. इंदूनं पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून. मग परातीवर लाटणं वाजवलं. पाहिलं. पुन्हा. साडेआठ वाजले तेव्हा पोर रडत होती आणि रडता रडता लिहीत होती. आठवड्याभरात ताटल्या, पराती, दाराची कडी, कशालाच ती बधेना. आण्णा खूश झाले. मग म्हणाले, "भांड्याला काय, कुणीबी न्हाई बघत. आता नावानं हाक मारायची. माझ्या हाकेची तिला सवय न्हाई. तू मार."

मी मारली. "इंदे!" तिनं चटकन वळून पाहिलं. आईनं हाक मारली तर लेकरू बघणारच की. आण्णांनी गजर मागं फिरवला.

मी लहानपणी गावच्या शाळेत नाटकात कामं केली होती. राक्षसीण केली की पहिल्या रांगेतली पोरं उठून पळायची. ती कला इतक्या वर्षांनी कामाला आली, आणि खरं सांगू, मला मजाही वाटली. "इंदू, विंचू गं विंचू!" "इंदू, बोट कापलं माझं!" रोज नवीन काहीतरी. पहिल्यांदा 'विंचू' ओरडले तेव्हा शेजारच्या सोजरबाई कणकेच्या हातानं धावत आल्या, हातात झाडू. त्या लातूरकडच्या, त्यांचे यजमान भीमराज आमच्याच कंपनीत. आम्हांला हसताना बघून त्या दारातच थांबल्या.

"काय गं माय, ही काय थट्टा हाय का? माझं काळीज तोंडात आलं की!"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. इंदूकडं बघत म्हणाल्या, "आईच्या हाकंला ओ द्यायची न्हाई, असं शिकवायलाव व्हय लेकराला?" मग कणकेचे हात झटकत गेल्या. जाताना म्हणाल्या, "पुन्यांदा न्हाई बरं मी येणार."

इंदू आणखी काही दिवस फसली. मग तिला माझ्या आवाजातलं खोटं कळू लागलं. आता हिच्या कानाला फसवायचं म्हणजे गंमत नव्हे. मी आवाज बदलला, श्वास बदलला. एकदा भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि कण्हत म्हटलं, "इंदू, खरंच गं. तालीम न्हाई ही. शप्पथ." ती वळली. डोळे भरलेले होते. मी उठून उभी राहिले, आणि आण्णांनी काही न बोलता गजर मागं फिरवला. त्या वेळी पोरीनं माझ्याकडं जे पाहिलं ते मला आवडलं नाही. पण मी म्हटलं, होईल सवय.

आणि झाली. डिसेंबर सरता सरता इंदू हलायची बंद झाली. मी काहीही ओरडू दे, तिची वेणीसुद्धा हलायची नाही. पाऊण तासाचा पेपर ती अडतीस मिनिटांत संपवायची आणि उरलेली सात मिनिटं कोऱ्या भिंतीसमोर मान खाली घालून बसून राहायची, गजर होईपर्यंत. शाळेत वर्गात पहिली आली. नळावरच्या बायका मला विचारू लागल्या, "शालनबाई, काय खायला घालता हो पोरीला?" मी बादली भरता भरता मान ताठ करून म्हणायची, "शिस्त."

पण घरात काहीतरी कमी झालं होतं. जेवताना ती आता ताटाकडं बघून जेवायची, एकेक घास सारखा, संपेपर्यंत. कोथिंबीर आणायला पाठवली की सरळ जाऊन सरळ यायची. कासारवाडीहून आलो त्या दिवशी मी मुद्दाम विचारलं, "किती डबे व्हते गं गाडीला?" ती म्हणाली, "कुठल्या गाडीला?" एका संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. मी म्हटलं, "कोण आलं, सांग बघू." तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हाईत न्हाई." मी आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग चांगलंच हाय की. जिन्यातनं कोण येतंय ते परीक्षेत इचारत न्हाईत."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुर्गाबाई घरी आल्या. उजवा हात सुजून कोपरापर्यंत लाल झालेला. शाळेच्या आवारातल्या वडावर आग्या मोहोळ होतं. स्कॉलरशिपच्या मुलांची सराव परीक्षा व्हरांड्यात चालू होती आणि बाहेरच्या कुणा पोरानं दगड मारला.

"सगळी मुलं वर्गात कोंडली, दारं लावली," दुर्गाबाई म्हणाल्या. "मोजली तर एक कमी. खिडकीतून पाहिलं तर ही व्हरांड्यात बसून पेपर लिहितेय. मानेवर माश्या बसल्या होत्या. मी हाका मारल्या, जयसिंगराव. सात-आठ हाका मारल्या. शेवटी चादर घेऊन गेले आणि उचलून आणली. उचलली तरी पेन्सिल सुटेना."

इंदू कोपऱ्यात उभी होती. मानेवर चार गांधी उठल्या होत्या, चुना लावलेल्या. तिनं घरी आल्यावर मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

आण्णांनी विचारलं, "पेपर पुरा झाला व्हता का?"

दुर्गाबाई म्हणाल्या, "झाला होता. पैकीच्या पैकी मार्क आहेत."

"मग झालं तर," आण्णा म्हणाले. "चार माश्या चावल्यानं कुणी मरत न्हाई."

जिन्यापर्यंत मी बाईंना पोचवायला गेले. त्यांनी सुजलेला हात माझ्या हातावर ठेवला. "शालनबाई, मी मास्तरीण आहे, तुम्ही आई आहात. ती घाबरली नाही असं नाही. ती थरथरत होती. थरथरत लिहीत होती. हे थांबवा."

मी हो म्हटलं. आणि थांबवलं नाही. दोन दिवस मी हाका मारायला नकार दिला, नाही असं नाही. पण आण्णा म्हणाले, "पाच आठवडं राहिल्यात. परीक्षा झाली की गजर इंद्रायणीत फेकून देतो, मग तर झालं?" आणि मी मनात म्हटलं, हत्ती गेला नि शेपूट राहिलं, आता कशाला सोडायचं. दुसरंही एक कारण होतं, तेही सांगते. पोर वर्गात पहिली आली होती आणि मला ते फार गोड लागत होतं.

आण्णांना महिन्याच्या शेवटी दुसरी पाळी लागली, दुपारी तीन ते रात्री अकरा. म्हणजे तालीम माझ्या एकटीच्या गळ्यात. गजर मीच लावायचा, हाका मीच मारायच्या.

जानेवारीचा शेवटचा गुरुवार. सव्वापाचला मी इंदूला पेपर दिला आणि सहाचा गजर लावला. नेमाप्रमाणे दोन हाका मारल्या, एक चोराची, एक चक्कर आल्याची. ती हलली नाही. मी म्हटलं, झाली माझी ड्यूटी. गोधड्या धुवायच्या होत्या म्हणून स्टोव्हवर मोठं पातेलं भरून पाणी ठेवलं होतं, ते खदखदत होतं. फडक्यानं दोन्ही काठ धरून मी ते उचललं आणि मोरीकडं निघाले. मोरीच्या कट्ट्याखाली साबणाचं पाणी सांडलेलं होतं. माझा पाय गेला.

आधी हाड मोडल्याचा आवाज आला, मग पाणी. कमरेपासून खाली सगळं पातेलं माझ्या अंगावर. मी ओरडले ते शब्द नव्हतेच. मग शब्द सुचले. "इंदे! इंदू, पडले गं मी!"

स्वयंपाकघराच्या दारातून मला तिची पाठ दिसत होती. दोन वेण्या, लाल फिती, आणि उजवा कोपर. पाच पावलांवर. कोपर थोडा थोडा पुढं सरकत होता.

"इंदू, भाजले गं! ये ना!"

कोपर ओळीच्या शेवटी गेला आणि पुन्हा मागं आला.

"इंदू, खरंच गं," मी म्हटलं. "तालीम न्हाई ही. शप्पथ."

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. शब्द तेच होते. आवाजसुद्धा तोच होता, कारण दोन महिने घोकून घोकून मी तो खऱ्यासारखाच केला होता. आता खऱ्यासाठी माझ्याकडं दुसरा आवाज उरला नव्हता. मी वेड्यासारखी शोधत राहिले, असं काय ओरडू जे मी आधी ओरडले नाही. विंचू झाला होता, बोट झालं होतं, चोर झाला होता, रडणं झालं होतं, शप्पथ झाली होती.

मग मी सोजरबाईंना हाक मारली. भिंतीपलीकडं त्या असतात हे मला ठाऊक होतं, भांडी वाजत होती. "सोजरबाई! धावा हो!" भांडी थांबली. भीमराजांचा आवाज आला, "कोण वरडतंय गं?" आणि सोजरबाईंचं बोलणं भिंतीतून मला स्पष्ट ऐकू आलं. "काही न्हाई. शालनबाईची शिकवणी चालू हाय."

पुन्हा भांडी वाजू लागली.

हातांवर सरकत जायचा प्रयत्न केला तर परकर कातडीला चिकटला होता आणि कातडी परकराबरोबर येत होती. डोळ्यांपुढं अंधारी आली. मी गार फरशीवर गाल टेकला. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि पेन्सिलीची खरखर. मध्ये एकदा खरखर थांबली. मला वाटलं, आता वळली. पण तिनं फक्त पान उलटलं. मी हाका मारायचं सोडून दिलं. शेवटी मीही गजराचीच वाट बघू लागले.

सहा वाजता गजर झाला. तिनं उठून तो बंद केला, पेन्सिल डब्यात ठेवली, डबा मिटला. मग वही छातीशी धरून धावत आली, आणि धावता धावताच बोलत होती.

"आई, एकदाबी न्हाई बघितलं! तू एवढी वरडलीस तरी न्हाई! आज किती खरं केलंस गं..."

ती दारात आली. माझा पाय तिला दिसला. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं. वही अजून माझ्यापुढं धरलेली. पानावर सगळी गणितं, शेवटच्या ओळीपर्यंत.

"सोजरमावशीला बोलव," मी कसंबसं म्हटलं.

ती तशीच उभी. "जाऊ नव्हं? सहा वाजून गेल्यात. आता उठलं तर चालतंय."

पुण्याच्या दवाखान्यात मी दोन महिने होते. घोटा मोडला होता तो जुळला. पायाचं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. सोजरबाई रोज डबा घेऊन यायच्या आणि माझ्याकडं न बघता ठेवून जायच्या. एकदा त्यांनी माझ्या पलंगाच्या दांडीला डोकं टेकवलं आणि नुसतं रडल्या. त्यांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

परीक्षेला आण्णांनीच इंदूला नेलं. तिनं सगळे पेपर पुरे केले. मी तिला सांगावं तर काय सांगावं हे मला कळत नव्हतं. तुझी चूक नाही, असं सांगितलं तर तिला कळणार की चूक झाली. नाही सांगितलं तर तिला ते आधीच कळलेलं. दवाखान्यात मुलांना सोडत नसत, म्हणून ती महिनाभर आलीच नाही. मग एका रविवारी आण्णांनी नर्सबाईंची विनवणी करून तिला आत आणलं.

ती माझ्या पायाशी ठेवलेल्या स्टुलावर बसली, आण्णा तिच्यामागं उभे. मांडीवर वही होती, कुणी दिली ठाऊक नाही. वाळली होती पोर. मान खाली. केस कुणीतरी वेडेवाकडे बांधले होते. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती, पलीकडं कुणाचं तरी भांडं पडलं, तिची पापणीसुद्धा हलली नाही.

"इंदू," मी म्हटलं. अगदी हळू म्हटलं. "इकडं बघ, बाळा."

ती बघेना. दोन्ही हातांनी वहीचे कोपरे धरून ठेवले होते.

"इंदू, आई हाय मी. ये ना जवळ." मला रडू आवरेना. मी हात पुढं केला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत पोचत नव्हता.

तिनं मान तशीच खाली ठेवून विचारलं, "आण्णा, बघू का?"

आण्णांनी तिच्या खांद्याला बोट लावलं, मग सबंध हात ठेवला. "बघ, पोरी," ते म्हणाले. "बघ आईकडं."

ती हलली नाही. हाताखाली तिचा खांदा आक्रसला एवढंच मला दिसलं.

"बघ की गं," आण्णा पुन्हा म्हणाले, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना हुंदके देऊन रडताना पाहिलं. "खरंच बघ. आता काय न्हाई. सगळं झालं. बघ."

इंदूनं वही मांडीवर आणखी जवळ ओढली आणि मान अजून खाली घातली.